भट्टीचे घड्याळ: मुंबईत चांगली बेकरी कशी शोधावी

मुंबईत चांगली बेकरी कोणती, असे चार जणांना विचारले की चार नावे कळतात, आणि ती बहुधा चारही खरी असतात. तरीही त्यातल्या एखाद्या दुकानातून माणूस हिरमुसून परततो. कारण नाव सांगणाऱ्याने तिथे काय घ्यायचे आणि किती वाजता जायचे, हे सांगितलेले नसते. ब्रूनसाठी, म्हणजे कडक कवचाच्या पावासाठी, नावाजलेल्या दुकानात संध्याकाळी सातला जाऊन उरलेली पेस्ट्री घेतली, तर त्या दुकानाची खरी चव कळणारच नाही. म्हणून दुकानाच्या आधी पदार्थ ठरवावा, आणि पदार्थ ठरला की त्याची वेळ धरावी. बेकरीचे काम आतून कसे चालते हे एकदा समजले, की ही वेळ आणि पदार्थाची पारख दोन्ही आपोआप जमू लागतात.

भट्टीचा दिवस

जुन्या बेकरीच्या पोटात विटांची मोठी भट्टी असते. तिच्यात आधी जाळ करतात. काही तास तापल्यावर जमीन, भिंती आणि कमानदार छत उष्णता धरून ठेवतात. मग निखारे बाजूला सारून भट्टी साफ करतात आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने माल आत सरकवतात. पदार्थ भाजला जातो तो प्रामुख्याने विटांनी साठवलेल्या उष्णतेवर.

ही उष्णता हळूहळू उतरत जाते, आणि बेकरीचे वेळापत्रक या उतरंडीवर बसवलेले असते. भट्टी सर्वांत तापलेली असताना, म्हणजे साधारण २२० ते २५० अंश सेल्सिअसला, पाव आणि ब्रून जातात. ती १७०-१८० अंशांवर आली की केकची पाळी येते. आणखी उतरल्यावर नानकटाई आणि बिस्किटे. शेवटी जी मंद ऊब उरते, तिच्यात टोस्ट कडक होतात. टोस्ट म्हणजे आधी भाजलेला, गार करून कापलेला आणि मग मंद आचेवर तासन्‌तास वाळवलेला पाव. एकाच जाळाच्या उष्णतेतून इतके पदार्थ काढणे ही या धंद्यातली काटकसर, आणि कारागिराचे कौशल्यही.

पावाचे पीठ रात्रीच मळलेले असते. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. मळताना पाण्यामुळे गव्हातल्या प्रथिनांची ग्लुटेन नावाची ताणली जाणारी जाळी तयार झालेली असते, तिच्यात हा वायू अडकतो आणि गोळा फुगतो. भट्टीत गेल्यावर तो शेवटचा जोर करून वर येतो, आणि आतले तापमान ६० अंशांच्या आसपास पोहोचले की यीस्ट मरते. पुढे पृष्ठभाग १४० अंशांच्या वर गेला की साखर आणि प्रथिने यांच्यातली रासायनिक क्रिया वेग घेते. तपकिरी रंग आणि भाजल्याचा घमघमाट तिथून येतो.

एवढे लक्षात घेतले की वेळा ठरतात. पावाची पहिली लादी पहाटे निघते, कारण सकाळच्या चहाला आणि वडापावच्या गाड्यांना ती लागते. बऱ्याच भट्ट्यांमध्ये दुपारी तीन ते पाचच्या सुमारास दुसरी निघते, ती संध्याकाळच्या पावभाजीसाठी. केक सकाळी उशिरापर्यंत ताजे मिळतात. बिस्किटे आणि टोस्ट यांना घाई नसते, ते दिवसभरात कधीही घ्यावेत.

शहरात कुठे पाहावे

मुंबईतल्या बेकऱ्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी उभ्या केल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून, विशेषतः यझ्द आणि केरमान भागांतून, माणसे इथे आली. त्यांनी नाक्यांवर चहाची दुकाने आणि त्यांच्या जोडीला भट्ट्या काढल्या. धोबी तलावच्या परिसरात क्यानी अँड कंपनी (१९०४) आणि ससानियन (१९१३) ही त्या काळातली दुकाने. फोर्टमधली यझदानी बेकरी त्यानंतरची, विसाव्या शतकाच्या मध्यावरची. या पट्ट्यात ब्रून मस्का, बन मस्का, मावा केक, खारी आणि जिऱ्याची बिस्किटे शोधावीत.

दुसरा प्रवाह गोव्याचा. पोर्तुगीजांकडून पाव शिकलेले गोव्याचे ख्रिस्ती बेकर मुंबईत आले, आणि भायखळा, माझगाव, वांद्रे या भागांत त्यांची दुकाने रुजली. भायखळ्याची अमेरिकन एक्सप्रेस बेकरी याच परंपरेतली. इथे ब्रेड, रोल, पॅटिस आणि ख्रिसमसचा फळांचा केक पाहावा. तिसरा प्रवाह भेंडीबाजार आणि मोहम्मद अली रोडचा. तिथल्या भट्ट्यांत नान आणि गोडसर शीरमाळ रोटी निघतात आणि रमझानमध्ये रात्रभर गजबज असते. आज शहरभरच्या बऱ्याच पावभट्ट्यांवर उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर राबतात.

चौथा प्रवाह ताजा आहे. कुलाब्यात २००४ साली थिओब्रोमा सुरू झाली आणि तिच्या ब्राउनीने शहराला वेड लावले. २०१० मध्ये पूजा धिंग्रा यांनी ले फिफ्टीन काढून फ्रेंच मॅकरॉन मुंबईकरांच्या ओळखीचे केले. त्यानंतर वांदऱ्यापासून लोअर परळपर्यंत वातानुकूलित पॅटिसऱ्या उघडल्या. क्रोसाँ, टार्ट आणि आंबट खमिराचा ब्रेड यांसाठी तिकडे जावे. इराण्याच्या दुकानात क्रोसाँ शोधू नये आणि पॅटिसरीत लादी पाव मागू नये. प्रत्येक भट्टीचा हात कशावर बसला आहे, तेच तिच्याकडून घ्यावे.

पाव आणि ब्रून

लादी पावाचे गोळे ट्रेमध्ये एकमेकांना खेटून ठेवतात. फुगल्यावर ते चिकटतात, त्यामुळे बाजूंना जाळ लागत नाही आणि तिथे मऊपणा राहतो. लादी घेतली की एक पाव अलगद तोडून पाहावा. चांगल्या पावाच्या तुटलेल्या बाजूला लांब, रेशमी धागे दिसतात. बोटाने दाबल्यावर तो परत वर येतो. आतला भाग चिमटीत दाबून त्याचा कच्च्या कणकेसारखा गोळा झाला, तर पाव घाईने काढलेला आहे. वास गव्हाचा हवा. नाकाला आंबूस, दारूसारखा वास झोंबला तर पीठ जास्त आंबले असे समजावे. हातात कापसाइतका हलका लागणारा, पांढराफेक, चव नसलेला पाव बहुधा घाईने फुगवलेला असतो. पाव फुगवण्यासाठी पूर्वी पोटॅशियम ब्रोमेट सर्रास वापरत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली त्यावर बंदी घातली.

ब्रूनचे शास्त्र उलटे. त्याचे गोळे एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणजे चारी बाजूंनी उष्णता लागते. पिठात स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतो, म्हणून कवच कडक आणि ठिसूळ होते. ब्रून उलटा करून बुडावर टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तर आतली वाफ नीट बाहेर पडली आहे. कापताना कवचाचा आवाज झाला पाहिजे आणि टेबलावर चुरा पडला पाहिजे. मात्र या कवचाचे आयुष्य फार कमी. आतला ओलावा बाहेर सरकतो, त्यात मुंबईची दमट हवा भर घालते, आणि सकाळचा ब्रून संध्याकाळी चामट होतो. पावसाळ्यात तर दोन तासांतच फरक कळतो. म्हणून ब्रून दुकानातच बसून, मस्का लावून, गरम चहाबरोबर खावा.

खारी, पॅटिस आणि क्रोसाँ

हा बेकरीतला सगळ्यांत कसाचा विभाग. खारीच्या पिठात यीस्ट लागत नाही. पीठ लाटून त्यावर स्निग्ध पदार्थाचा थर पसरतात, घडी घालतात, गार करतात, पुन्हा लाटतात, पुन्हा घडी घालतात. प्रत्येक वेळी तिहेरी घडी घातली तर थर तिपटीने वाढतात. सहा वेळा घडी घातल्यावर ते ७२९ होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, स्निग्ध थर तिला वाट देत नाही, आणि ती वाफ प्रत्येक पापुद्रा वर उचलते.

क्रोसाँची पद्धत तीच, पण पीठ यीस्टचे आणि घड्या कमी. तीन तिहेरी घड्यांत लोण्याचे २७ थर होतात. इथे थर मोजके ठेवावे लागतात, कारण पीठ स्वतःही फुगणार असते आणि फार पातळ थर फाटून एकजीव होतात. चांगला क्रोसाँ मधोमध कापला की आत पोळ्यासारखी मोठी, असमान भोके दिसतात. आत चिकट, दाट पट्टा दिसला तर पीठ पुरते फुगले नव्हते किंवा लोणी मधेच वितळले होते. रंग गडद तपकिरी हवा. फिकट पिवळा क्रोसाँ बहुतेक वेळा अर्धवट भाजलेला असतो. उचलल्यावर बूड तेलकट लागता कामा नये.

लोणी ३२ ते ३५ अंशांदरम्यान पूर्ण वितळते आणि त्याच्या बरेच आधी लिबलिबीत होते. मुंबईच्या उन्हाळ्यात भट्टीशेजारच्या खोलीत ते घडीला टिकत नाही. म्हणून आपल्या बेकऱ्यांनी खारीसाठी वनस्पती तूप आणि मार्गारिन धरले, कारण ते उष्ण हवेतही घट्ट राहते. क्रोसाँ मात्र थंड खोलीशिवाय होत नाही, म्हणून तो पॅटिसऱ्यांबरोबर आला. शहरात कुठे काय चांगले मिळते, याच्यामागे चवीइतकाच हवेचाही हात असतो.

या फरकाची पारख जिभेवर होते. लोणी शरीराच्या उष्णतेपेक्षा कमी तापमानाला वितळते, म्हणून खाल्ल्यावर टाळू स्वच्छ राहतो. वनस्पती तुपाचा काही भाग तोंडात वितळतच नाही आणि टाळूवर मेणचट थर राहतो. अशा तुपातल्या ट्रान्स फॅटमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. वनस्पती तुपाची खारी वाईटच असते असे मी म्हणणार नाही. नीट वाळवलेली, चहात बुडवल्यावर पापुद्रा सुटणारी खारी हा आपला खास पदार्थ आहे. पण ‘बटर’ म्हणून जास्त पैसे घेतले जात असतील, तर ते बटर असले पाहिजे.

पॅटिसची कसोटी वेगळी. आतले सारण ओले असते, त्यामुळे वेळ जाईल तसे बूड गिळगिळीत होते. काचेच्या पेटीत दिव्याखाली गरम ठेवलेले पॅटिस वरून छान दिसते, पण बूड सांगून जाते. ट्रे भट्टीतून निघण्याची वेळ विचारावी आणि त्या वेळी जावे.

केक, क्रीम आणि नानकटाई

मावा केक ही इराणी आणि पारशी बेकरीने या शहराला दिलेली मोठी देणगी. ग्रँट रोड स्थानकाबाहेर १९१४ साली सुरू झालेल्या बी. मेरवान या दुकानाने त्याला मुंबईभर नाव मिळवून दिले. लोणी, साखर, अंडी आणि मैदा यांत मावा आणि वेलची घालतात. माव्यामुळे केक दाट आणि ओलसर राहतो, आणि त्यातली दुधाची साखर व प्रथिने भाजल्यावर कडा खमंग होतात. चांगल्या मावा केकमध्ये मावा दाताखाली रवाळ जाणवतो आणि वेलची मागून येते. नुसता गोड, पिवळा आणि भुसभुशीत केक लागला तर त्यात मावा नावापुरता आहे.

क्रीमच्या पेस्ट्रीत फसगत सर्वांत सोपी. दुधाची साय घुसळून केलेले क्रीम किंचित पिवळसर असते, उकाड्यात पटकन बसते आणि तोंडात विरघळते. वनस्पती तेलापासूनचे क्रीम पांढरेशुभ्र असते, तासन्‌तास ताठ उभे राहते आणि जिभेवर थर ठेवते. चॉकलेटचेही तसेच. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून खरे चॉकलेट तोंडात लगेच पाघळते. कंपाउंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त चॉकलेटात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल असते आणि ते जरा रेंगाळते. दहा रंगांच्या पेस्ट्र्या एका ओळीत असतील, तर बहुतेक वेळा आतला स्पंज एकच असतो. अशा ठिकाणी सजावट नसलेला साधा केक मागून बघावा. साध्या केकला लपायला जागा नसते.

नानकटाईत तूप पिठाच्या कणांना वेढून टाकते, पाणी फारसे नसते, म्हणून ग्लुटेनची जाळी होत नाही आणि घास विरतो. वर भेगा पडलेल्या, खाली हलका तांबूस रंग आलेल्या नानकटाया निवडाव्यात. महाराष्ट्रात अनेक गावांत अजून एक छान रीत आहे. दिवाळीच्या आधी घरून मैदा, रवा, साखर आणि तूप बेकरीत न्यायचे, आणि किलोवर मजुरी देऊन डबे भरून आणायचे. आपल्या भागात कोणी असे करून देत असेल, तर त्या बेकरीशी नाते जोडावे. तूप आपले असल्यावर शंकेला जागा राहत नाही.

दुकानात उभे राहिल्यावर

नव्या दुकानात गेल्यावर लगेच मागणी करू नये. आधी नेहमीचे गिऱ्हाईक काय नेते ते पाहावे. तीन माणसे एकामागून एक तोच पदार्थ घेऊन गेली, तर तो या दुकानाचा पदार्थ. मग विचारावे, “आता भट्टीतून काय निघालंय?” हा प्रश्न ऐकला की काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा खुलतो, आणि कागदात बांधलेल्या मालाऐवजी आतला ट्रे मागवतो. दुसरा प्रश्न, “हे इथेच बनतं का?” अनेक दुकाने काही माल बाहेरून आणतात. त्यात गैर काही नाही, पण पारख करायची तर त्यांच्या हातच्या पदार्थाचीच करावी.

पाकीटबंद मालावर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि तारीख पाहावी. अंडे चालत नसेल तर खूणही बघावी. हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो, आणि अंडे असलेल्या पदार्थावर मांसाहाराची तपकिरी त्रिकोणाची खूण असते.

वर्षाचेही एक घड्याळ असते. गुड फ्रायडेच्या सुमारास वांद्रे आणि भायखळ्यात क्रॉस कोरलेले मसालेदार बन, डिसेंबरात फळे मुरवून केलेला केक आणि मार्झिपान, रमझानमध्ये नान आणि शीरमाळ. त्या त्या दिवसांत हे पदार्थ झपाट्याने खपतात, म्हणून ताजे असतात.

घरी आणल्यावर

पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. पाव शिळा होतो तो मुख्यतः त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो म्हणून, आणि फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते. आजच्या आज संपणारा पाव कापडात गुंडाळून बाहेर ठेवावा. उरणार असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाकावा आणि लागेल तसा तव्यावर गरम करावा. खारी आणि टोस्टला घट्ट झाकणाचा डबा हवा. क्रीमची पेस्ट्री मात्र फ्रिजमध्येच, आणि शक्यतो त्याच दिवशी संपवावी.

पुणे, गोवा आणि पुढे

हीच रीत दुसऱ्या शहरात चालते. पुण्याच्या कॅम्पातली कयानी बेकरी १९५५ सालची. तिची श्रूजबेरी बिस्किटे आणि मावा केक घ्यायला लोक रांग लावतात, आणि दुपारी ती बंद असते. वेळ न बघता गेलेला माणूस दारावरूनच परत येतो. पॅटिससाठी पुणेकर संतोष किंवा हिंदुस्थान बेकरीचे नाव घेतात. गोव्यात तर बेकरी शोधावीच लागत नाही. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत दारात येतो. त्याच्या टोपलीत कोंड्याची पोई, कडक उंडो आणि बांगडीच्या आकाराचे कांकण असते.

मुंबईच्या भट्ट्या मात्र आता बदलत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे निर्देश दिले. कारण रास्त आहे. जुन्या फर्निचरचे भंगार लाकूड स्वस्त पडते म्हणून जाळले जाते. त्यावरचा रंग आणि पॉलिश धुरात जाते, आणि तो धूर आधी भट्टीवरच्या कारागिराच्या आणि मग शेजाऱ्यांच्या छातीत जातो. लाकूड गेले की चव गेली, अशी भीती अनेकांना वाटते. पण ब्रूनचे कवच धुराने कडक होत नाही. ते विटांनी धरलेल्या उष्णतेने आणि पिठातल्या संयमाने होते. विटांची भट्टी राखून तिला गॅसचा जाळ दिला, तर हे दोन्ही टिकू शकतात. खर्च मात्र मोठा आहे, आणि लहान बेकऱ्यांना तो रोजच्या विक्रीतूनच उभा करावा लागेल.

म्हणून गिऱ्हाईक म्हणून आपणही थोडे शहाणे व्हावे. आपल्या मोहल्ल्यातली एक भट्टी निवडावी, तिच्या दोन वेळा पाठ कराव्यात आणि तिचा जो पदार्थ उत्तम आहे तो नेमाने घ्यावा. इंधन बदलले तरी टिचकीचा आवाज, तुटलेल्या पावाचे धागे आणि टाळूवरची चव या कसोट्या त्याच राहतील. त्यांवर जी बेकरी उतरेल, ती आपल्यासाठी शहरातली सर्वांत चांगली बेकरी.